सड्यापासून खाजनापर्यंत

‘मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून झालं. मंजूर समजू ना?’ सचिवांनी विचारलं.

मागच्या रांगेतून लगेच आवाज आला, ‘नाही. झोन बदलाच्या विरोधातला ठराव यात आलाच नाही. तो आधी लिहा, मग मंजूर.’

तिसवाडी तालुक्यातलं हे गाव. पंचायतीच्या सभागृहात खुर्च्या कमी पडल्या म्हणून माणसं खिडक्यांच्या कट्ट्यांवर बसली होती, दारात आणि व्हरांड्यात उभी होती. काही कुटुंबं चर्चमधून थेट आली होती, काहीजण देवळातली पूजा आटोपून. गोव्यातल्या नेहमीच्या ग्रामसभा तीन महिन्यांनी एकदा, रविवारी भरतात. त्यामुळे नोकरीवाल्यांनाही येता येतं. आवाज ज्यांचा होता त्या बाई निवृत्त शिक्षिका आहेत. सगळं गाव त्यांना ‘टीचर’ म्हणतं, सरपंचसुद्धा. त्यांच्या मांडीवर एक जाड फाइल होती. वर्तमानपत्रांतल्या जाहीर नोटिसांची कात्रणं, जमिनीच्या नोंदींचे एक-चौदाचे उतारे, सर्वे प्लॅनच्या छायाप्रती, आधीच्या हरकतींवर पडलेले पोचशिक्के. ठराव शब्दशः लिहून होईपर्यंत त्यांनी सभा पुढे सरकू दिली नाही.

एवढा वेळ त्यात का घालवला, असं सभेनंतर विचारलं. त्या म्हणाल्या, ‘आमी सभेत कितीही बोललो आणि ते कागदावर नसलं तर कोर्टात कोण ऐकणार? गावाचं म्हणणं त्या वहीत असतं.’

‘शहराच्या कडेची जमीन’ हा विषय संपादकांनी कळवला तेव्हा पुण्याच्या टेकड्या आणि वसईचा हरितपट्टा ही नावं आधी सुचली. पण शहराची कड म्हणावी अशी जागाच जिथे उरलेली नाही, तिथलं माणसांचं भांडण पाहावं असं वाटलं, आणि त्यासाठी गोव्यासारखी दुसरी जागा नाही. राज्याचं क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या आसपास, त्यातले ६२ टक्के लोक नागरी भागात राहणारे. देशातल्या राज्यांमध्ये हे प्रमाण सर्वांत जास्त होतं. पण मुंबई-पुण्यासारखं एक मोठं शहर पसरत पसरत गावं गिळत गेलं, असं इथे झालं नाही. पणजी, मडगाव, म्हापसा, वास्को ही सगळी बेताची शहरं. शहर इथे गावातच उगवतं. भाताच्या मळ्याला लागून चार मजले उभे राहतात आणि डोंगराच्या माथ्यावर पोहण्याच्या तलावांसह बंगल्यांची वसाहत येते. ज्या पंचायतीला स्वतःच्या वाड्यांचा कचरा उचलताना धाप लागते, तिच्या हद्दीत एका परवान्यावर शेकडो घरं येऊन बसतात. म्हणून इथे जमिनीसाठीची लढाई महानगरपालिकेच्या दारात फारशी होत नाही. ती पंचायतीच्या सभागृहात होते.

पाणी वरून खाली येतं

गोव्याच्या किनाऱ्याकडच्या गावाची बांधणी एकदा नीट पाहिली की भांडण कशासाठी आहे ते कळतं. सगळ्यात वर सडा. जांभ्या दगडाचं सपाट, उघडं पठार. उन्हाळ्यात ते इतकं रखरखीत दिसतं की ‘ही तर पडीक जमीन’ असं कुणालाही पटवून देता येतं. पावसाळ्यात चित्र पालटतं. वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो तो या सच्छिद्र दगडातून मुरत जातो. सड्यावर जागोजागी उथळ डबकी भरतात, गवत उगवतं, गुरं चढतात. मुरलेलं पाणी डोंगराच्या पायथ्याशी झरी होऊन बाहेर येतं. त्या झरीवर कुळागर उभं असतं. सुपारी, नारळ, मिरीचे वेल, केळी, मधून पाट. कुळागराखाली वाडा, घरं, विहिरी. वाड्याखाली भातशेतं. आणि अगदी खाली, नदीच्या भरतीच्या पाण्याच्या पातळीपेक्षाही सखल, खाजन.

खाजन म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्याकडून मिळवलेली जमीन. गोव्यात अशी सुमारे १८ हजार हेक्टर जमीन असल्याचं सांगितलं जातं, आणि ही व्यवस्था पोर्तुगीज येण्याच्या कितीतरी आधीची आहे. चिखल, गवत, बांबू आणि चिरे यांनी रचलेला बांध नदीच्या कडेनं जातो. शेतातलं पाणी पोंय नावाच्या आतल्या ओहोळात गोळा होतं. पोंय जिथे नदीला भेटते तिथे बांधात लाकडी दारं बसवलेली असतात. हे मानस. भरती चढू लागली की नदीचं पाणी बाहेरून दाब देतं आणि दारं आपसूक मिटतात. ओहोटी लागली की आतलं पाणी ती उघडतं आणि नदीत निघून जातं. चोवीस तासांत दोन भरत्या, दोन ओहोट्या. मोटर नाही, वीज नाही, चौकीदारही नाही.

मांडवीच्या काठच्या एका मानसाजवळ ओहोटीच्या वेळी थांबलो होतो. सुरुवातीला दोन फळ्यांमधून पाण्याची एक बारीक रेघ दिसत होती. पाचेक मिनिटांत रेघेची पट्टी झाली, फळ्या थरथरल्या, आणि एकदम मोठा घरघराट करत पाणी बाहेर पडलं. पाण्याबरोबर मासळी येते. तोंडाशी जाळं लावून ती धरण्याचा हक्क दर वर्षी लिलावानं दिला जातो आणि त्या पैशातून बांधाची डागडुजी व्हावी असा रिवाज आहे. पूर्वी हे गावकरी, म्हणजे गावाच्या सामायिक जमिनीची कोमुनिदाद ही संस्था, सांभाळत असे. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर ते काम कुळांच्या संघटनांकडे आलं. तिथं भेटलेले कूळकरी आजोबा म्हणाले, ‘फळीला चीर गेली की आधी कोळंबीवाल्याला कळतं, मग आमाला.’ त्यात तक्रार होती. मासळीत पैसा जास्त म्हणून खारं पाणी जास्त वेळ आत घ्यायचा मोह होतो, आणि भाताचं शेत खारट होऊन पडून राहतं. पडून राहिलेल्या शेतात खारफुटी वाढते, मग तिथे पुन्हा भात लावणं अवघड. खाजनाचं नुकसान सगळं बाहेरच्यांनीच केलं असं नाही, हे इथले शेतकरी स्वतःच सांगतात.

पण वरच्या सड्यावर जेसीबी चढला की खालचा बांध कितीही भक्कम ठेवला तरी उपयोग होत नाही. झाडोरा काढलेल्या, कापलेल्या उतारावरून जुलैत लाल माती वाहत येते आणि मळ्यात साचते. टीचरनी मला त्यांच्या गावातलं असं एक शेत दाखवलं. भाताची रोपं वीतभर, आणि त्यांच्या बुंध्याशी चार बोटं जाडीचा तांबडा गाळ. वर कुठे काम चाललंय ते शेतात उभं राहून दिसत नव्हतं. मध्ये झाडी होती. शेताच्या मालकाला त्या बांधकामाची नोटीस कधी आली नव्हती, कारण कायद्याच्या लेखी तो शेजारीसुद्धा नव्हता. त्याचा सर्वे नंबर वेगळा.

नगर नियोजन कायद्यात डोंगर कापायला आणि सखल जमीन बुजवायला बंदी घालणारं १७अ कलम आहे. परवानगीशिवाय कापणी-भरणी केली तर गुन्हा. ते कलम चांगलं आहे. पण ते हाती घ्यायचं तर कुणीतरी डोंगर कापताना पाहावा लागतो, तक्रार करावी लागते आणि पथक येईपर्यंत वाट पाहावी लागते. शनिवार-रविवारी आणि रात्री यंत्रं का चालतात, हे गावातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे.

२००६ चा डिसेंबर

गोव्यात जमिनीसाठी लोक रस्त्यावर आले ते काही पहिल्यांदा नव्हे. कोकण रेल्वेचा मार्ग खाजनांमधून जाणार म्हणून नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मोठं आंदोलन झालं होतं. पण आराखडा नावाची कोरडी, नकाशांची, तज्ज्ञांची गोष्ट घराघरात गेली ती २००६ मध्ये.

गोव्यात १९७४ च्या नगर नियोजन कायद्याखाली सगळ्या राज्याचा मिळून एक प्रादेशिक आराखडा असतो. कुठली जमीन शेतीची, कुठली बागायतीची, कुठला उतार मोकळा सोडायचा आणि कुठे वस्ती करता येईल, हे त्यात रंगांनी दाखवलेलं असतं. आधीचा आराखडा १९८६ चा होता. ‘प्रादेशिक आराखडा २०११’ ऑगस्ट २००६ मध्ये अधिसूचित झाला, आणि नकाशे लोकांच्या हाती पडले तेव्हा डोंगर, किनारे, शेतं, बागायती यांतले मोठमोठे तुकडे वस्तीच्या रंगात गेलेले दिसले. वास्तुविशारद, डॉक्टर, शिक्षक, शेतकरी, निवृत्त अधिकारी, धर्मगुरू अशी एरवी एकत्र न येणारी माणसं जमली आणि ‘गोवा बचाव अभियान’ उभं राहिलं. डॉ. ऑस्कर रिबेलो निमंत्रक होते. अभियानानं भाषणांपेक्षा नकाशावर भर दिला. गावोगाव बैठका घेऊन त्या त्या गावाचा नकाशा लोकांसमोर धरायचा आणि विचारायचं, यात तुमची टेकडी कुठे आहे, तिचा रंग काय आहे, बघा.

आपल्या ओळखीच्या टेकडीचा रंग बदललेला पाहणं ही गोष्ट माणसाला हलवते. १८ डिसेंबर २००६ रोजी, मुक्तिदिनाच्या आदल्या दिवशी, पणजीच्या आझाद मैदानावर प्रचंड सभा झाली. २६ जानेवारी २००७ ला तेव्हाचे मुख्यमंत्री प्रतापसिंह राणे यांनी आराखडा मागे घेत असल्याचं जाहीर केलं. अधिसूचित झालेला, सगळ्या राज्याला लागू असलेला आराखडा लोकांच्या रेट्यानं रद्द होतो, हे देशात क्वचित घडलेलं आहे. त्याच वर्षाअखेर विशेष आर्थिक क्षेत्रंही सरकारला सोडून द्यावी लागली, तीही याच जागेपणामुळे.

नकाशा गावात आला तेव्हा

माझ्या मते त्यानंतर जे घडलं ते आझाद मैदानावरच्या सभेपेक्षाही महत्त्वाचं आहे, आणि त्याबद्दल कमी बोललं जातं. नवा आराखडा करण्यासाठी कृती दल नेमलं गेलं. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया त्यात होते, नगररचनाकार एडगर रिबेरो होते. २००८ मध्ये मसुदा आला आणि गावांचे नकाशे पंचायतींकडे पाठवले गेले. गावानं तो नकाशा पाहायचा, दुरुस्त्या सुचवायच्या, आणि ग्रामसभेत ठरवून परत पाठवायचा.

ज्यांनी त्या काळात हे काम केलं त्यांच्याशी बोलताना चेहरे अजून खुलतात. बार्देशातल्या एका गावात तेव्हा कॉलेजात असलेल्या, आता चाळिशीला आलेल्या गृहस्थांनी सांगितलं की ते दोघं-तिघं मित्र नकाशाची मोठी प्रत काढून संध्याकाळी एकेका वाड्यावर जात. कुणाच्या तरी बलकांवात, म्हणजे घरापुढच्या ओसरीत, नकाशा पसरायचा. सर्वे नंबर वाचता येत नव्हते त्या म्हाताऱ्यांना बोट ठेवून सांगायचं, हा ओहोळ, ही तळी, ही तुमची वाट. मग ते सुरू होत. ‘इथे झर आहे, ती यात नाही.’ ‘हा ओहोळ असा सरळ जात नाही, वळसा घालतो.’ ‘ही जागा देवाची, इथे कुणी कुऱ्हाड लावत नाही.’ ‘हे शेत म्हणून दाखवलंय, पण इथे आमची चार घरं पन्नास वर्षं आहेत.’

या शेवटच्या वाक्याकडे लक्ष द्यावं. गावानं नकाशा पाहिला की ते फक्त ‘बांधू नका’ म्हणत नाही. कुठे घरं हवीत, हेही ते सांगतं. पोरांची लग्नं होतात, भाऊ वेगळे होतात, मुंडकारांना, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर असलेल्यांना, हक्काची जागा हवी असते. दवाखाना कुठे, खेळाचं मैदान कुठे, मासळीबाजाराला छप्पर कुठे, हे सगळं त्या बलकांवांमधून आलं.

‘प्रादेशिक आराखडा २०२१’ या वाटेनं तयार झाला आणि २०११ पर्यंत टप्प्याटप्प्यानं अधिसूचित झाला. जंगलं, खाजनं, पाणवठे, तीव्र उतार, शेतं, बागायती यांना त्यात पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून दोन श्रेणींत बांधून घेतलं गेलं. तो निर्दोष नव्हता. गावांनी सुचवलं एक आणि अंतिम नकाशात आलं भलतंच, अशा तक्रारी कितीतरी ठिकाणी होत्या, आणि अभियानानंच त्या सर्वांत मोठ्यानं मांडल्या. २०१२ मध्ये मनोहर पर्रीकर सरकारनं आराखडा स्थगित ठेवला. २०१८ मध्ये तो पुन्हा लागू होऊ लागला. तरीही गावानं नकाशावर बोट ठेवण्याची सवय तिथे लागली, आणि ती सुटलेली नाही.

महाराष्ट्रातल्या वाचकानं हे लांबचं समजू नये. मार्च २०२४ मध्ये पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या किनारपट्टीवरच्या १,६३५ गावांसाठी सिडकोला विशेष नियोजन प्राधिकरण नेमलं गेलं. बांद्यापलीकडच्या गावांत मला लोक हाच प्रश्न विचारत होते: आमचा नकाशा कोण काढणार, आणि आम्हाला तो कधी दिसणार?

एकेक सर्वे नंबर

सगळ्या राज्याचा आराखडा एका झटक्यात बदलला तर लोक उठतात, हे २००६ नं दाखवून दिलं. नंतर बदल तुकड्यातुकड्यानं येऊ लागले. २०१८ मध्ये नगर नियोजन कायद्यात १६ब हे कलम घातलं गेलं. त्यानं जमीनमालकाला आपल्या जमिनीपुरता झोन बदलून मागण्याची वाट उघडली. अर्जांचा ढीग पडला, लोक कोर्टात गेले, आणि ते कलम मागे पडलं. २०२३ मध्ये १७ व्या कलमाला दुसरं पोटकलम जोडलं गेलं. आराखड्यात नजरचुकीनं झालेल्या किंवा विसंगत नोंदी दुरुस्त करण्यासाठी, असं त्याचं कारण दिलं गेलं. आधी लोकांचं म्हणणं ऐकण्याची तरतूद त्यात नव्हती. २०२४ मध्ये ३९अ आलं. यात मुख्य नगर नियोजक सरकारच्या सूचनेवरून किंवा कुणाच्याही अर्जावरून झोन बदलाची प्रक्रिया सुरू करू शकतो. नोटीस निघते आणि सूचना-हरकतींसाठी ३० दिवस मिळतात.

टीचरच्या फाइलमध्ये या नोटिसा ओळीनं लावलेल्या आहेत. मजकूर नेहमी सारखाच. तालुका, गाव, सर्वे नंबर आणि पोटविभाग, क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये, मग सध्याचा झोन आणि प्रस्तावित झोन. सध्याच्या रकान्यात ऑर्चर्ड, नॅचरल कव्हर, पॅडी फील्ड, नो डेव्हलपमेंट स्लोप. प्रस्तावितच्या रकान्यात बहुतेक वेळा एकच शब्द, सेटलमेंट.

ज्याच्या हाती गावाचा नकाशा नाही त्याला ही नोटीस मुकी आहे. म्हणून टीचर आणि त्यांचे दोन माजी विद्यार्थी कसं काम करतात ते बघण्यासारखं आहे. सकाळी नोटीस सापडली की आधी संगणकावर सर्वे प्लॅन काढायचा आणि तुकडा नेमका कुठे आहे ते पाहायचं. मग एक-चौदाचा उतारा. मालक कोण, कूळ कोण, मुंडकाराची नोंद आहे का. मग आराखड्याचा नकाशा वर ठेवून पाहायचं. त्यानंतर पायी जाऊन जागा बघायची आणि फोटो काढायचे, कारण कागदावर ‘पडीक’ दिसणाऱ्या जागेत झर निघते. शेवटी हरकत लिहायची. हरकतीत भावना कमी आणि जागेची माहिती जास्त असावी, यावर टीचरचा कटाक्ष. एका मुलानं ‘आमच्या पूर्वजांची भूमी’ अशी सुरुवात केली होती. त्यांनी ती खोडली. ‘पुता, आधी उतार किती, झर किती मीटरवर, विहिरी किती, ते लिही. पूर्वज शेवटी.’

झोन बदलला की पुढच्या पायऱ्या भराभर चढल्या जातात. नगर नियोजन खात्याचा तांत्रिक दाखला, जिल्हाधिकाऱ्यांकडून रूपांतराची सनद, मग पंचायतीचा बांधकाम परवाना. गावाला बहुधा शेवटच्या पायरीवर कळतं, जेव्हा सचिव सांगतो की सगळे दाखले पूर्ण आहेत, पंचायत नाही म्हणू शकत नाही. सरपंचांना शिव्या पडतात. त्यातल्या काही सरपंचांच्या हातात त्या टप्प्यावर खरोखरच फार काही नसतं.

एकेका तुकड्यानं होणाऱ्या बदलाविरुद्धचा माझा सगळ्यात मोठा आक्षेप इथे येतो. सड्यावरच्या एका सर्वे नंबरचा रंग बदलताना विचार फक्त त्या नंबराचा होतो. त्या सड्यात मुरणारं पाणी, पायथ्याची झर, कुळागर, विहिरी, मळा आणि खाजन हे वेगवेगळ्या सर्वे नंबरांत आहेत, म्हणून ते विचारात येतच नाहीत. शेजारच्या दुसऱ्या तुकड्याचा अर्ज सहा महिन्यांनी येतो तेव्हा पहिला तुकडा ‘आधीच वस्ती’ म्हणून दाखल्यासारखा पुढे केला जातो. असे पाच अर्ज झाले की डोंगर गेला. ‘डोंगर द्यायचा’ असा निर्णय मात्र कुणी, कुठल्याही बैठकीत घेतलेला नसतो.

गोवा फाउंडेशन आणि इतरांच्या याचिकांवर मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं मार्च २०२५ मध्ये १७(२) खालचे नियम आणि मार्गदर्शक तत्त्वं रद्दबातल केली. चूक दुरुस्त करण्याच्या नावाखाली मूळ आराखडाच कुरतडला जाऊ नये, हा त्या निकालाचा रोख होता. १९८६ पासून याच फाउंडेशनचे क्लॉड अल्वारिस आणि त्यांचे सहकारी गोव्याच्या पर्यावरणासाठी कोर्टाची पायरी चढत आले आहेत. सबिना मार्टिन्स अभियानाची धुरा वाहत प्रत्येक नव्या कलमावर लोकांना गोळा करत आल्या आहेत. हे काम किती थकवणारं असेल याचा अंदाज बाहेरून येत नाही. एका कलमाविरुद्धची याचिका निकालाला येईस्तोवर पुढच्या कलमाची नोटीस वर्तमानपत्रात असते.

विकणारे

जमीन विकणाऱ्याला खलनायक ठरवून लिहिणं सोपं आहे. गावात फिरलं की ते जमत नाही.

सासष्टीतल्या एका घरात गेलो होतो. मोठं कौलारू घर, सात भावंडं, त्यांतली चार परदेशात, एक मुंबईत. इथल्या दिवाणी कायद्यानं मुलामुलींना सारखा वाटा मिळतो, आणि वाटणीची कार्यवाही कोर्टात वर्षानुवर्षं चालते. घरी राहणारी बहीण साठीची. शेतात उतरायला माणूस मिळत नाही. मिळाला तर त्याची मजुरी भाताच्या किमतीपेक्षा जास्त. ती म्हणाली, ‘शेत राखा, शेत राखा म्हणतात सगळे. राखणार कोण? मी एकटी?’ दलाल दर महिन्याला येतो, गोड बोलतो, भावंडांचे फोन नंबर त्याच्याकडे तिच्याआधी असतात.

दुसरीकडे पेडण्यातला एक तरुण भेटला. त्याच्या आज्यानं लावलेल्या काजूच्या बागेत त्याला स्वतःसाठी तीन खोल्यांचं घर बांधायचं आहे. जमीन ऑर्चर्डमध्ये आहे. वर्षानुवर्षं खेपा घालून त्याला परवानगी मिळालेली नाही. त्याच डोंगराच्या पलीकडच्या अंगाला मोठा प्रकल्प मात्र उभा राहिला. ‘मग मी या आंदोलनात कशाला येऊ?’ असं तो विचारतो तेव्हा त्याच्या प्रश्नाला उत्तर द्यावंच लागतं. झोन बदलाची प्रत्येक नवी वाट उघडताना राज्यकर्त्यांनी याच माणसाचा दाखला दिलेला आहे: गोंयकाराला स्वतःच्या जमिनीत घर बांधता येत नाही, म्हणून हे कलम. अडचण त्याची खरी आहे. पण त्या वाटेनं हजारो चौरस मीटरचे अर्ज आत शिरले आणि तो बाहेरच उभा राहिला.

अभियानाच्या काही बैठकांत या तरुणाचा प्रश्न पुरेशा गांभीर्यानं घेतला जात नाही असं मला वाटलं. शहरातल्या घरात राहून गावाची हिरवळ जपायला सांगणारी माणसं तिथे असतात, आणि गावातल्या तरुणाला ते लगेच जाणवतं. ज्या गावांत लढा टिकला आहे तिथे मात्र मागणीची मांडणी वेगळी दिसते. गावातल्या माणसाच्या घराला गावाच्या आराखड्यातच जागा ठेवा, वाड्यालगत, पाण्याची वाट न अडवता. पडीक शेतं सामूहिक पद्धतीनं कसायला घ्या, यंत्र मिळून भाड्यानं आणा. काही गावांत चर्चच्या तरुण मंडळांनी आणि शेतकरी क्लबांनी अशी पडीक शेतं पुन्हा लावली आहेत. पिकवलेलं शेत विकायला काढणं घरच्यांनाही जड जातं, दलालालाही.

पेडण्यात हे सगळं जास्त घाईनं घडतं आहे. मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाला आणि इतकी वर्षं आडवाटेला असलेला तालुका एकदम दारात आला. त्याच वर्षी तालुक्याच्या झोनिंगचा मसुदा निघाला तेव्हा लोक इतके खवळले की तो मागे घ्यावा लागला. त्या वेळी पहिल्यांदा नकाशा पाहिलेली एक बाई मला हरमलकडच्या रस्त्यावर भेटली. काजूच्या बोंडांची टोपली घेऊन निघाली होती. आपल्या सड्याचा सर्वे नंबर तिला आता पाठ आहे.

गावाची स्वतःची यादी

गावकऱ्यांशी, वकिलांशी, खात्यातल्या जुन्या माणसांशी बोलून एक गोष्ट मला पटली आहे. हरकती घेऊन, याचिका लढवून नुकसान थोपवता येतं, आणि ते थोपवायलाच हवं. पण ३० दिवसांच्या नोटिशीमागे धावणारं गाव नेहमी एक पाऊल मागे राहणार. ज्या गावाकडे आपली माहिती आधीच लिहिलेली आहे, ते मागे राहत नाही. त्र्याहत्तराव्या आणि चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनं खालून वर जाणाऱ्या नियोजनाची चौकट दिली त्याला तीन दशकं उलटली. जिल्हा नियोजन समित्या कागदावर आहेत. गावानं केलेला आराखडा त्यांच्यापर्यंत जावा, तिथून राज्याच्या आराखड्यात यावा, आणि मंजूर झाल्यावर त्यातला एकेक तुकडा अर्जावर सोडवून घेता येऊ नये, एवढी साधी मागणी अभियान इतकी वर्षं करत आलं आहे. ती मान्य करायला पैसा लागत नाही. झोन बदलण्याचा हातातला अधिकार सोडावा लागतो, आणि म्हणूनच ती मान्य होत नाही, असं माझं मत आहे.

टीचरच्या गावानं सरकारची वाट पाहायची नाही असं ठरवलं आहे. त्या रविवारच्या ग्रामसभेत इतिवृत्ताचा वाद मिटल्यावर दुसरा ठराव झाला: गावातल्या सगळ्या झरी, विहिरी, ओहोळ, तळी आणि मानसांची वाड्यावार नोंद करायची, प्रत्येकाला सर्वे नंबर लावायचा, आणि ती यादी पंचायतीच्या दप्तरात ग्रामसभेच्या मंजुरीसह ठेवायची. एका गृहस्थानं विचारलं, याला कायद्यात आधार काय? समोर बसलेल्या तरुण वकील मुलीनं सांगितलं, की उद्या झोन बदलाची नोटीस आली तर खात्यासमोर आणि गरज पडली तर कोर्टासमोर आपण ही यादी ठेवू. इथे झर नाही असं म्हणणाऱ्याला मग ते सिद्ध करावं लागेल.

ठराव बोलून, लिहून, वाचून मंजूर झाला. सुपारीच्या बागेत काम करणारे, खाजनाचे कूळकरी, एक निवृत्त सर्वेअर आणि बारावीतल्या मुली असे गट पडले. सड्याखालच्या तीन वाड्यांपासून सुरुवात आहे, कारण सड्यावरच्या दोन तुकड्यांच्या नोटिसा आधीच लागल्या आहेत आणि त्यांच्या हरकतीची मुदत महिनाअखेर संपते. झरींची मापं एप्रिल-मेमध्ये, पाणी सर्वांत कमी असताना पुन्हा घ्यायची आहेत. निवृत्त सर्वेअरनं त्यासाठी वहीत रकाने आखून आणले होते: झरीचं नाव, सर्वे नंबर, कुणाच्या कुळागरात, कुठल्या महिन्यापर्यंत वाहते, खाली कुठल्या विहिरीला आणि मळ्याला जाते.